पाने हवी आहेत

नळ गळायला लागला की प्लंबरला बोलवावं, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. दीर्घकाकांनीही बोलावलं होतं. प्लंबर फोनवर म्हणाला, "आलोच, काका!" आणि सगळा घोटाळा तिथंच झाला. दीर्घकाका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. त्यांच्या हिशेबी 'आलो' हा भूतकाळ, त्यावर निश्चयाचा 'च'. म्हणजे व्याकरणाने बघायला गेलं तर प्लंबर येऊन गेलेला होता, फक्त कुणाला दिसला नव्हता. नळ मात्र चालू वर्तमानकाळात गळत होता.

दीर्घकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. इमारतीच्या सूचनाफलकावर 'पाणि येणार नाही' असं काही दिसलं की हा गृहस्थ भाजीची पिशवी खाली टेकवायचा, खिशातून लाल पेन काढायचा आणि जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "दीर्घ! णी दीर्घ!" मग वर जाऊन सेक्रेटरीचं दार वाजवायचा आणि त्यालाही तेच सांगायचा. पाणी येणार नाही याचं त्यांना काही नसायचं. ते न येणं शुद्ध लिहिलेलं असावं, एवढीच अट. इमारतीने बिचाऱ्यांना त्यावरून हे नाव दिलं आणि ते बरोबर लिहिलं जातंय ना, एवढं बघून काकांनीही ते स्वीकारलं.

तर नळ. स्वयंपाकघरातल्या सिंकच्या वर नळ, आणि खाली, अगदी भिंतीला चिकटून, जिथं पाइप नळाला जोडतात तिथला नट ढिला झाला होता. थेंब तिथून पाइपावरून उतरायचा आणि ओट्याखालून हळूच बाहेर यायचा. हे असं कितीतरी महिने चाललं होतं, आणि मजा म्हणजे काकांना त्याचा पत्ताच नव्हता! काकू गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेल्या, आणि दुसऱ्याच सकाळी काका चहा करायला म्हणून आत गेले ते थेट फ्रिजला मिठी मारून थांबले. पायाखाली तळं. तेव्हा कुठं ओट्याखाली ठेवलेलं ते पातेलं आणि पिळून वाळत घातलेली फडकी दिसली. आपण उठायच्या आत ही बाई रोज, त्या दुखऱ्या गुडघ्यावर वाकून, फरशी पुसून घेत होती. आपण नुसते कोरड्या जमिनीवरून येत होतो आणि 'चहा झाला का' विचारत होतो. काका बराच वेळ फ्रिजला धरूनच उभे राहिले, आणि सगळाच वेळ काही पाय घसरायच्या भीतीने नाही.

आज दुपारी काकू घरी यायच्या होत्या. डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, "वॉकर घेऊन चालतील, काळजी नाही. पण जमीन ओली नको हं. एकदा पाय घसरला की सगळं केलेलं पाण्यात!" वाक्प्रचार म्हणून हे ठीक होतं. पण काकांना तो शब्दशः दिसायला लागला.

मेहुणा गाडी घेऊन काकूंना आणायला निघाला होता. तो म्हणाला, "भाऊजी, माझा माणूस पाठवू का? तुमच्याच्यानं नाही व्हायचं ते."

झालं! इतर कुणी म्हणालं असतं तर काका हो म्हणाले असते. पण मेहुणा म्हणाला. बायकोच्या भावाने 'तुमच्याच्यानं होणार नाही' म्हटल्यावर कुठला स्वाभिमानी पुरुष 'खरंय' म्हणेल?

"अरे, त्यात काय आहे?" काका म्हणाले. "एक नट आवळायचा. वाक्यात स्वल्पविराम राहिला असेल तर आपण द्यायचा, एवढंच!"

"स्वल्पविराम," मेहुणा म्हणाला, आणि गाडीची किल्ली फिरवत निघून गेला. त्याच्या त्या एका शब्दाने काका पेटले आणि तडक हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"एक पाना द्या."

"कसला?"

"चांगला."

दुकानदाराने काकांकडे नीट बघितलं. "नट केवढा आहे?"

हा प्रश्न रास्त होता आणि काकांनी त्याची तयारीही केली होती. घरून निघताना त्यांनी अंगठा आणि तर्जनी नटावर ठेवून माप घेतलं होतं, आणि ती दोन बोटं तशीच धरून ते चालत आले होते. पण वाटेत एका ओळखीच्याने नमस्कार केला. नमस्काराला नमस्कार केला नाही तर लोक काय म्हणतील? त्यामुळे दुकानात पोचलेलं माप हे नटाचं होतं की नमस्काराचं, हे आता देवालाच ठाऊक.

दुकानदाराने काउंटरवर एकेक मांडायला सुरुवात केली. दोन्ही टोकांना ठरलेल्या मापाचं तोंड असलेला फिक्स पाना. नटाला पूर्ण वेढणारा रिंग पाना. चाक फिरवलं की तोंड लहानमोठं होणारा अ‍ॅडजस्टेबल पाना. आणि शेवटी पाइप पाना. तो लालभडक होता, हातभर लांब होता आणि जबड्यात करवतीसारखे दात होते. काकांची नजर त्यावर गेली ती परत आलीच नाही.

शेजारी खिळे घ्यायला आलेला एक गृहस्थ म्हणाला, "नट आहे ना? मग अ‍ॅडजस्टेबल घ्या. चाक फिरवायचं, घट्ट बसवायचं, संपलं."

"पण तोंड सारखं बदलणाऱ्यावर भरवसा कसा ठेवायचा?" काका म्हणाले.

"काका, हा लाल घेऊ नका," दुकानदार म्हणाला. "हा पाइपाचा. गोल वस्तू पकडायला दात दिलेत त्याला. नटाला लावलात तर नटाचे कोपरे खाऊन टाकेल."

हे तो इतक्या स्वच्छ मराठीत म्हणाला होता की ऐकू न येण्याचं काही कारणच नव्हतं. पण लाल पाना हातात घेतल्यावर माणसाच्या कानांचं काय होतं, कोण जाणे. काका तो खांद्यावर टाकून रस्त्याने चालत आले, आणि खरं सांगायचं तर मेहुण्याने आपल्याला आत्ता बघायला हवं होतं, असंच त्यांना सारखं वाटत होतं.

घरी येऊन त्यांनी आधी सिंकखालचा लहान कॉक बंद करायला घेतला. कॉक हलला नाही. तो बहुधा इमारत बांधली तेव्हापासूनच मौनात होता. आता गच्चीवरचा मोठा व्हॉल्व बंद करायला हवा होता. त्याची किल्ली सेक्रेटरीकडे, आणि नियम असा की आधी फलकावर नोटीस लागल्याशिवाय व्हॉल्वला कुणी हात लावायचा नाही. हा नियम सभेत कुणी आणला होता? दीर्घकाकांनीच! नोटीस लागली की ती तपासायला मिळते, हा त्यातला खरा हेतू. आता सेक्रेटरीकडे जा, नोटीस लिहवून घ्या, ती तपासा, एवढ्यात काकू दारात यायच्या. 'नुसतं आवळायचं तर आहे, पाणी बंद कशाला करायचं?' असं म्हणून काका ओट्याखाली शिरले.

लाल पाना आत मावेना. कसाबसा तिरका घातला. त्याने नट पकडला, हे मान्य करायला हवं. काकांनी जोर लावला. कर्रर्र आवाज झाला आणि दुकानदार म्हणाला होता तेच अक्षरशः झालं. कोपरे गेले, नट चेंडूसारखा गोल झाला. काका चिडले आणि त्यांनी आणखी एकदा, सगळा स्वाभिमान एकवटून, जोर लावला. पण कुठल्या बाजूला? उताणं पडून, डोकं आत, हात वर, अशा अवस्थेत उजवं कुठलं आणि डावं कुठलं, हे भल्याभल्यांना कळत नाही. नट आवळला न जाता सैल झाला आणि थेंबाची धार झाली. धार थेट चष्म्यावर!

काकांनी पंचा गुंडाळून नटावर दाबून धरला. दाबला की धार थांबे, सोडला की सुरू. म्हणजे आता काकांचा डावा हात नळाच्या नोकरीला कायमचा लागला. उजव्या हातात फोन. ओरडावं तर इमारतीत शोभा. मेहुण्याला सांगावं तर जन्माची शोभा! शेवटी त्यांनी ठरवलं की इमारतीच्या ग्रुपवर शांत, सभ्य, शुद्ध मराठीत एक विनंती टाकावी. मोठ्या पान्याने जमत नसेल तर कुणाकडे लहान असतील, वेगळे असतील. चष्म्यावर पाणी, एक अंगठा मोकळा, मनात घाई. त्यांनी लिहिलं:

'स्वयंपाकघरात तातडीने पाने हवी आहेत. ज्यांच्याकडे जी असतील ती सर्व कृपया आणून द्यावीत. दार उघडे आहे.'

आणि पाठवलं.

आता इथं जरा थांबायला हवं, कारण घात इथंच झाला. बोलताना आपण पानं वेगळी म्हणतो आणि पाने वेगळे म्हणतो. पण शुद्ध लिहायला बसलं की दोन्हीचं 'पाने'च होतं. पुस्तकाची, झाडाची असली तर 'पाने हवी आहेत'. लोखंडाचे असले तर 'पाने हवे आहेत'. सगळा फरक एका मात्रेचा. आणि ज्या माणसाने उभं आयुष्य छापखान्यात 'पुढची पाने हवी आहेत' असं लिहून काढलं, त्याच्या अंगठ्याने सवयीने वेलांटी दिली, आणि पुढचं 'जी', 'ती', 'द्यावीत'ही तिच्यामागून निमूट आलं. इमारतीला शुद्धलेखन शिकवणाऱ्याची स्वतःचीच मात्रा चुकली!

इमारतीला काय वाटावं? काकू आज घरी येतायत, हे सगळ्यांना माहीत. गुडघा सुजलेला असणार, तेही ठाऊक. काकांना शेकायला, बांधायला पानं हवीत, आणि तीही तातडीने. पहिली हाक आली ती तळमजल्यावरून, "काका, कोबीची पानं ठेवलीत हो टेबलावर! सूज उतरायला कोबीसारखं दुसरं काही नाही. आणि पाण्यात ठेवा, सुकतील नाहीतर!"

"पाण्याची काळजी करू नका!" ओट्याखालून काका ओरडले. पण तोवर पावलं निघून गेली होती.

मग कुणीतरी कुंडीतला पुदिना ठेवून गेलं. कुणी पेरूची फांदीच्या फांदी. वरच्या मजल्यावर रोज दुपारी पत्ते खेळणाऱ्या मंडळींनी पत्त्यांचा जोड पाठवला, वर निरोप, "काकूंना बसून कंटाळा यायचा, पानं आमची घ्या." एकाने जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणला, 'ओट्यावर अंथरायला'. काकांना सगळं ऐकू येत होतं आणि हात काढता येत नव्हता. फोन वाजला. ग्रुपवर काकूंचा संदेश! दवाखान्यातून निघताना त्यांनी लिहिलं होतं, 'अहो, कसली पाने?'

तेव्हा काकांनी आपलाच संदेश पुन्हा वाचला. वेलांटी! कपाळाला हात लावायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी कपाळच पाइपाला लावलं.

एवढ्यात समोरच्या डॉक्टरीणबाई आत आल्या. या दाताच्या डॉक्टर. हातात एका ओल्या फडक्यात गवती चहाची पानं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात पाऊल टाकलं, पाणी बघितलं, ओट्याखालून बाहेर आलेले दोन पाय बघितले आणि किंचाळल्या, "काका! पडलात की काय?"

"पडलो नाही, पडून आहे. नट धरून आहे."

"अहो, मग हाक नाही का मारायची?"

"मारली असती," काका म्हणाले, "पण मग सगळ्यांना कळलं असतं."

डॉक्टरीणबाईंनी पदर खोचला, फडकी घेतली आणि वाकून आत बघितलं. "टॉर्च द्या. जरा तोंड बाजूला घ्या. हां. अरे देवा, नटाचं काय केलंत हे? कोपरा धरायला शिल्लक नाही एकही."

आणि त्याच वेळी दारात सेक्रेटरी उभा राहिला. ज्याच्या प्रत्येक नोटिशीवर आजवर लाल पेन फिरलं तो सेक्रेटरी. काकांनी डोळे मिटून घेतले. बोलणार आता हा, आणि बोलायचा त्याला हक्कही आहे.

सेक्रेटरीने हातातली पिशवी धाडकन खाली ठेवली. पिशवीत लोखंड वाजलं.

"हे घ्या," तो म्हणाला. "सोसायटीच्या कपाटात होते तेवढे सगळे आणलेत. गच्चीवरचा व्हॉल्व बंद करून आलो. नोटीसही लावली."

काकांनी डोळे उघडले. "तुम्हाला कसं कळलं? मी तर पानं मागितली."

"अहो, तुम्ही सकाळी तो लाल पाना खांद्यावर टाकून आलात, तो मी गॅलरीतून बघितला की! असा माणूस पालापाचोळा कशाला मागेल? म्हटलं, 'हवे'चं 'हवी' झालं असेल. होतं हो. माझं तर रोज होतं. चुकलेलं वाचायची मला सवय आहे, काका. चुकणाऱ्याला चुकलेलं पटकन कळतं."

त्यात टोमणा नव्हता, हेच काकांना जास्त लागलं. त्यांनी पंच्यावरचा हात सोडला आणि वर नळातलं शेवटचं पाणी गळून थांबलं.

पिशवी उपडी केली. त्यात लहानमोठे फिक्स पाने होते, एक गंजलेला रिंग पाना होता, आणि एक अजबच वस्तू. लांब दांडी, तिच्या टोकाला पोपटाच्या चोचीसारखी वळणारी चोच, चोचीत स्प्रिंग. सेक्रेटरी म्हणाला, "हे कुणी, कधी घेतलं, कळत नाही. कपाटाच्या यादीत लिहिलंय, 'लोखंडी वस्तू, उपयोग माहीत नाही'. दर सभेत टाकून द्यायचा ठराव येतो आणि दर सभेत वेळ संपतो."

फिक्स पाने एकेक लावून बघितले. एक लहान, एक मोठा, आणि जो बरोबर होता तो गोल झालेल्या नटावरून गुळगुळीत घसरला. शिवाय सिंक आणि भिंतीच्या मधल्या फटीत हात फिरेल एवढी जागाच नव्हती. दोन्ही पुरुष हताश होऊन ओल्या फरशीवर बसले आणि पुरुष अशा वेळी करतात तसं, चूक कुणाची यावर बोलायला लागले. सेक्रेटरीच्या मते बिल्डरची. काकांच्या मते प्लंबरच्या व्याकरणाची.

डॉक्टरीणबाई मात्र ती चोचवाली वस्तू हातात घेऊन उलटसुलट करत होत्या. चोच उघडून बघितली, सोडली. ती कट् करून मिटली.

"अहो, हे तर माझ्या अक्कलदाढेच्या हत्याराच्या जातीचं आहे," त्या म्हणाल्या. "अगदी मागची दाढ, किडलेली, धरायला काही नाही, आणि तोंड काही उघडत नाही. तिथं असंच लांबून घालायचं आणि चावू द्यायचं. सरका!"

त्यांनी आधी चेंबलेला नट त्या चोचीने उतरवला, आतला झिजलेला वॉशर काढून काकांच्या तळव्यावर ठेवला, अगदी काढलेला दात पेशंटला दाखवावा तसा. सेक्रेटरी पळत जाऊन नवा नट आणि वॉशर घेऊन आला. हार्डवेअरवाल्याने म्हणे काही विचारलं नाही, फक्त "लाल पाना नेलेले काका ना?" एवढं म्हणून काढून दिलं. मग डॉक्टरीणबाई फरशीवर आडव्या झाल्या, दांडी भिंतीच्या कडेने वर सरकवली, आणि आतून सवयीने म्हणाल्या, "आता अजिबात दुखणार नाही हं." काकांचं काम टॉर्च धरायचं. तो त्यांनी मनापासून आणि बहुतेक वेळा चुकीच्या जागी धरला.

सेक्रेटरी गच्चीवर जाऊन पाणी सोडून आला. तिघांनी श्वास रोखून त्या नटाकडे बघितलं. थेंब येतोय असं वाटलं, पण तो काकांच्या कपाळावरून पडला होता. नट कोरडा. पाइप कोरडा! मग जी फडकी हाताला लागली ती घेऊन तिघांनी फरशी पुसली. वर्तमानपत्रांचा गठ्ठाही अंथरला, टिपून घ्यायला. एवढ्या पानांमधली तेवढी तरी त्या दिवशी उपयोगी पडली.

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

काकू वॉकर पुढं टाकत, एकेक पाऊल मोजून आत आल्या. मागं मेहुणा. टेबलावर कोबी, पुदिना, पेरूची फांदी आणि पत्ते बघून तो काही विचारणार, तोवर बहीण पुढं निघाली होती. काकू सोफ्याकडे न जाता सरळ स्वयंपाकघराकडे वळल्या. काकांचा जीव मुठीत. ते बायकोकडे बघतच नव्हते, तिच्या पावलांपुढच्या फरशीकडे बघत होते. वॉकरचा रबरी पाय टेकला. टिकला. पाऊल पडलं. टिकलं. ओट्यापाशी जाऊन काकूंनी नळ सोडला, ओंजळभर पाणी तोंडावर घेतलं, बंद केला आणि खाली बघितलं. मग हाताने पाइप चाचपून बघितला.

"कोरडा आहे हो!" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "कुणी केलं?"

'मी' म्हणायला मेहुण्यासमोर याहून चांगली संधी काकांना जन्मात मिळाली नसती. ते म्हणाले, "डॉक्टरीणबाईंनी. आणि सेक्रेटरीने. आणि खालच्यांनी, वरच्यांनी. मी आधी बिघडवलं, मग टॉर्च धरला. आणि अगं, तू रोज पुसत होतीस ना... मला कळलंच नाही कधी."

काकूंनी ओल्या हातानेच त्यांचा हात धरला. म्हणाल्या, "मला बसवा आता. आणि जा, सगळ्यांना भेटून या. ग्रुपवर लिहू नका. तोंडाने सांगा."

काकांनी त्यांना खुर्चीत नीट बसवलं, पायाखाली उशी दिली आणि निघाले. डॉक्टरीणबाई आपल्या दवाखान्यात गेल्या होत्या, म्हणून आधी सेक्रेटरीचं दार. बेल वाजवली. सेक्रेटरीने दार उघडलं, दारात दीर्घकाका दिसले, आणि त्याचा चेहरा पडला.

"नोटिशीत काय चुकलं, काका?"

जिन्यातून येताना काकांनी ती नोटीस वाचली होती. तीन ओळींत पाच चुका होत्या.

"काही नाही," काका म्हणाले. "सगळं बरोबर आहे."